सहाव्या ओळीतला क्ष

१

बेचाळिसावं पान बदललेलं होतं.

भाची माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तेच तिसऱ्यांदा सांगत होती. तिच्यापुढे पंपाच्या माहितीपुस्तकाची कड्यांची जाडजूड फाईल उघडी पडली होती आणि चहावर साय धरली होती.

"मावशी, मी वाचलं ते पान हे नव्हे. शपथेवर सांगते."

"शपथा नकोत. फरक सांग."

"आधी सगळीकडे नुसते क्ष आणि य होते. आता बघ, कशी स्वच्छ नावं आहेत. पाटी_मात्रा, हाती_मात्रा. शेंबडं पोरही चुकणार नाही. आणि मी चुकले."

भाची इस्पितळात औषधाच्या पंपाचे प्रोग्रॅम लिहिते. तीन आठवड्यांपूर्वी त्या पंपाने एका शिंप्याला आधीच्या रोग्याची मात्रा देऊन टाकली, हवी त्याच्या तिप्पट. माणूस वाचला, पण कात्री धरायचा त्याचा हात अजून थरथरत होता. इस्पितळाने चौकशी नेमली. पंपाचा कॉम्प्युटर आणि त्याचं माहितीपुस्तक बनवणाऱ्या कंपनीने छातीठोकपणे सांगितलं, आमच्या पुस्तकात सूचना स्वच्छ लिहिली आहे, या बाईंनी ती पाळली नाही.

"शुक्रवारी दुपारी बारा वाजता सही करायची आहे," भाचीने एक कागद पुढे सरकवला. "'सूचना स्पष्ट असूनही माझ्या हलगर्जीपणामुळे चूक झाली.' सही केली की पुन्हा कुठल्याही इस्पितळात यंत्राला हात लावता येणार नाही. नाही केली तर पोलीस."

"मग तू काय ठरवलंस?"

"माझं सोड. याच पुस्तकावरून आणखी सहा इस्पितळांत प्रोग्रॅम लिहिलेत. चूक माझ्या एकटीची ठरली की ते सहा पंप कोण तपासणार?"

मी तो कागद उलटा करून साखरेच्या डब्याखाली दाबला. "सही करायची नाही. चहा पी आधी."

त्या कंपनीच्या पुस्तक विभागात मी एकतीस वर्षं काढली. निवृत्त झाले तरी नवी आवृत्ती निघाली की एक प्रत मला टपालाने येते, जुन्या माणसांचा मान म्हणून. सातवी आवृत्ती माझ्या कपाटावर होती. भाचीने स्टूल धरलं, मी फाईल खाली उतरवली, धूळ फुंकली आणि पानं उलटत गेले. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

त्यानंतर थेट त्रेचाळीस.

२

"इथूनही चोरलं?" भाचीचा आवाज चिरकला.

"नाही गं. ते मीच काढलंय."

नऊ महिन्यांपूर्वीची गोष्ट. मला वाचताना हातात पेन्सिल लागते, आणि ती हिरवी लागते. ऑफिसात माझ्या हिरव्या पेन्सिलीची दहशत होती. बेचाळिसाव्या पानावर आले आणि पेन्सिल थांबली.

ज्यांना हे शास्त्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या पंपात दोन मेंदू आहेत आणि दोघांच्या मध्ये एक सामाईक पाटी आहे. पहिला मेंदू पाटीवर औषधाची मात्रा लिहितो आणि मग पाटीवरचाच दिवा लावतो, म्हणजे 'लिहून झालं, घ्या'. दुसरा मेंदू दिवा बघतो, मग मात्रा आपल्या हातातल्या कागदावर उतरवून घेतो आणि पंप चालवतो. सरळ आहे ना? पण हे मेंदू घायकुते असतात. दिव्याकडे बघायचं बाकी असतानाच फावल्या वेळात मात्रा उतरवून ठेवतात. मग दिवा नवा आणि मात्रा जुनी, अशी गत होते. ते टाळायला दोन कामांच्या मध्ये एक कुंपण घालावं लागतं. 'हे झाल्याशिवाय पुढचं करायचं नाही', एवढंच ते कुंपण सांगतं. ते नेमकं कुठे घालायचं, हे सांगायला बेचाळिसावं पान होतं.

आणि त्या पानावर काय होतं? पाटीवरची मात्रा, तिचं नाव क्ष. हातातल्या कागदावर उतरवलेली मात्रा, तिचंही नाव क्ष. पाचवी ओळ तर चक्क 'क्ष = क्ष' अशी होती. सहाव्या ओळीत 'पंप चालवा (क्ष)'. आणि खाली सूचना: 'क्षच्या आधी कुंपण घालावे.'

"मी ते सहाव्या ओळीच्या आधी घातलं," भाची म्हणाली. "वापरण्याआधी. मला वाटलं, तोच क्ष."

"आणि हवं होतं पाचवीच्या आधी. पाटीवरून उतरवण्याआधी."

"एका ओळीचा फरक."

"शिंप्याच्या हाताएवढा."

 मला माझ्या जिभेचा राग आला. मग मीच पुढे सांगितलं. मी त्या पानावर हिरव्या पेन्सिलीने नवी नावं घातली होती. सगळ्यांचं ते पाटी, आपापलं ते हाती. कड्यांतून पान काढलं, बरोबर चार ओळींचं पत्र जोडलं आणि पुस्तक विभागाला पाठवून दिलं.

"तुझा प्रोग्रॅम कधीचा?"

"चौदा महिन्यांपूर्वीचा. तुझं पत्र नंतरचं."

"नंतरचं असलं तरी अपघाताच्या आठ महिने आधीचं. पान बदललं असतं तर तू ते वाचून कुंपण हलवलं असतंस. मी पत्र टाकलं आणि हात झटकले. घरातल्या मुलीला विचारायचं सुचलं नाही."

"पत्राची नक्कल?"

एकतीस वर्षं मी लोकांच्या मानगुटीवर बसून नकला ठेवायला लावल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! मी नाही म्हणून मान हलवली.

पण एक गोष्ट माझ्याकडे होती. पाटी आणि हाती ही नावं जगातल्या दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात नव्हती. ती मी याच टेबलाशी बसून ठेवली होती. आणि आता तीच भाचीच्या फाईलीत छापलेली होती, खाली दोन वर्षांपूर्वीची तारीख टाकून.

३

बुधवारी सकाळी मी ऑफिसचा जिना चढले. तीन मजले. टंकयंत्रांचा खडखडाट गेला होता, पण डिंकाचा वास तसाच होता. तो वास आला की मी अजून पंचविशीची होते आणि कुणाशीही भांडायला तयार होते.

किल्लीवाली आवक-जावक आणि जुन्या फायली सांभाळते. कमरेला किल्ल्यांचा झुबका, म्हणून ते नाव. तिने मला बघून खुर्ची पुसली.

"अक्का! गुडघा कसा आहे?"

"तुमच्या जिन्याने पुन्हा बिघडला. आवकचं रजिस्टर काढ. नऊ महिन्यांपूर्वीचं."

तिने रजिस्टर काढलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि थांबली. शिवणीलगत एक पान सफाईने कापलेलं होतं.

"माझ्या रजिस्टरला ब्लेड!" ती उभीच राहिली. "कोण मेला तो? अक्का, बावीस वर्षांत एक खाडाखोड नाही हो यात!"

"त्या आठवड्यात माझा लिफाफा आला होता. आठवतो?"

"लिफाफे मी फोडत नाही. नोंद करते आणि विभागाच्या टेबलावर ठेवते. तिथून साहेब उचलतात, नाहीतर चित्रकार. तुमचं गुडघ्याचं कार्ड मात्र माझ्याकडे आहे."

"कसलं कार्ड?"

"विसरलात? दुसऱ्या दिवशी आलं होतं. उघडं कार्ड, म्हणून वाचलं मी. सगळं गुडघ्याचं रडगाणं, आणि शेवटी तुमचं काहीतरी ओळींचं. हसले मी. म्हटलं, अक्का काही निवृत्त झाल्या नाहीत. शिक्का मारला आणि पेन्शनरांच्या फायलीत लावलं. इथे ते कोण वाचणार?"

माझं लक्ष कापलेल्या पानात होतं. कार्डाचं बोलणं मी कानाआड केलं.

तिथून चित्रकाराकडे गेले. पुस्तकातली सगळी चित्रं तो काढतो. तिरसट माणूस. टेबलाभोवती जुन्या पुठ्ठ्यांचा ढीग लागला होता.

"या बाई. चौकशीला आलात वाटतं?"

"पुठ्ठे तुम्ही बदललेत?"

"बदलले. गेल्या आठवड्यात सगळ्या इस्पितळांतल्या फायली इथे मागवल्या, नवे पुठ्ठे घालायला. विभागाची छापील चिठ्ठी आली, खाली सहीसुद्धा नाही. चिकटवले पुठ्ठे. आतल्या पानांना मी हात लावत नाही."

"फायली इथे किती दिवस होत्या?"

"तीन. दाराला कडी नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. कुणीही यावं, काहीही करावं." त्याने ब्रश आपटला. "इथे काय चाललंय याकडे बघतो कोण? सहा महिन्यांपूर्वी पंपाला ते पिवळं बटण बसवलं. मी दर्शनी भागाचं चित्र पुन्हा काढलं, आठ दिवस खपून कॉम्प्युटरच्या फाईलीत घातलं. एका माणसाने म्हटलं नाही की वा. सगळे अक्षरवाले. चित्र म्हणजे भिंतीचा पोपडा."

"छान असेल हो चित्र."

"तुम्ही बघितलंय का?"

"नाही."

"मग झालं तर." मी दारापर्यंत आले तेव्हा तो मागून हळूच म्हणाला, "बाई, भाचीला सही करू द्या. नाहीतर हे माझ्या गळ्यात येणार. पुठ्ठे माझ्या हातचे आहेत."

४

साहेबांच्या खोलीत शिरताना मी दार वाजवलं नाही. त्या खोलीतल्या माणसाला मी कामाला घेतलं होतं.

तेव्हा तो सगळ्यांत लहान होता म्हणून धाकटा. आता डोक्याचं टक्कल झालं, विभागाचा प्रमुख झाला, तरी माझ्या तोंडी धाकटाच. मीच त्याला शिकवलं. खाडाखोड कशी करायची, मुद्रितं कशी तपासायची, आणि माझा पहिला नियम: दुरुस्तीचं पान नवी छपाई तपासून होईपर्यंत टाकायचं नाही. शब्दांत हुशार होता. चित्रांच्या बाबतीत मात्र ढ. पहिल्याच वर्षी त्याने एक अख्खी आकृती उलटी छापून घेतली होती, आणि कुणी दाखवेपर्यंत त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. मी ओरडले तर म्हणाला होता, 'ताई, चित्रं बघायला चित्रकार आहे ना.'

"ताई! कळवायचं तरी, गाडी पाठवली असती."

"गाडीचं राहू दे आणि सांग. माझं पत्र मिळालं होतं?"

"कुठलं पत्र?" त्याने कानाची पाळी ओढली. "तुमचं पत्र आलं असतं तर डोक्यावर घेऊन नाचलो असतो."

"बेचाळिसाव्या पानावर क्ष होते."

"सातवी आवृत्ती पहिल्यापासून अशीच आहे, ताई. पाटी, हाती. सहाव्या ओळीत तेवढा एक क्ष राहिलाय, छपाईची चूक. चौकशीत मी तसं सांगितलंय. आपण काही लपवत नाही."

"ही नावं कुणी ठेवली?"

"ठेवली असतील कुणीतरी मीटिंगमध्ये." मग आवाज खाली आणून, "पानं बदलली असं तुमचं म्हणणं असेल, तर फायली तीन दिवस चित्रकाराच्या टेबलावर होत्या. मी काही बोलत नाही."

"बोललास की."

तो हसला. टेबलाला वळसा घालून माझ्या शेजारी बसला, पूर्वी बसायचा तसा. "ताई, मुलीला सही करू द्या. वर्षभरात सगळे विसरतील. मग मी तिला इथे घेतो, माझ्या हाताखाली. तुमची भाची ती माझीही भाचीच."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मी विरघळले. मुलीची भाकरी वाचत होती. हा माझ्या हातचा वाढलेला. आणि माझं वय झालेलं, गुडघा ठणकत होता.

"आणि ते सहा पंप?"

"पुस्तक आता स्वच्छ आहे ना सगळीकडे. वाचतील ते."

"एकदा प्रोग्रॅम लिहून झाल्यावर पुस्तक पुन्हा कोण उघडतं रे? तुझ्या हाताखाली येऊन ती मुलगी काय होईल माहीत आहे? क्ष. निघते मी."

कठडा धरून मी जिना उतरले. हातात पुरावा म्हणावा असं काहीच नव्हतं, आणि मध्ये एकच दिवस उरला होता.

५

गुरुवारी दुपारी भाचीची फाईल पुढ्यात घेऊन मी बसले. ती शेजारी नखं खात होती.

बेचाळिसावं पान मी मोठ्याने वाचलं. पहिली ओळ, पाटी_मात्रा. तिसरी, पाटी_दिवा. चौथी, हाती_दिवा = पाटी_दिवा. पाचवी, हाती_मात्रा = पाटी_मात्रा. आणि सहावी, पंप चालवा (क्ष).

"एवढाच कसा राहिला गं हा?" मी म्हणाले. "बाकी सगळं बदलणारा माणूस शेवटच्याच ओळीत का डुलकी घेईल?"

"धाकटेमामा म्हणतात, छपाईची चूक."

"छपाई स्वतःहून क्ष कुठून आणेल? मुळात क्ष असल्याशिवाय..."

आणि मला गुडघा आठवला. गुडघ्यामागून ती दुपार आठवली. मी पेन्सिलीने नावं बदलत होते, पाचव्या ओळीपर्यंत आले, तेवढ्यात शेजारीण आली. तासभर बसली. ती गेल्यावर घाईने पान लिफाफ्यात घातलं आणि टाकून आले. अंथरुणाला पाठ टेकल्यावर लखकन आठवलं की सहावी ओळ राहिली. सकाळी उठून कार्ड लिहिलं. नुसतं चूक झाली एवढंच लिहायची लाज वाटली, म्हणून आधी गुडघ्याचं रामायण लावलं.

सहाव्या ओळीतला क्ष छपाईचा नव्हता. तो माझा होता.

मी खुर्चीतच ताठ झाले. "ज्याने हे पान केलं त्याच्यापुढे माझं हिरव्या पेन्सिलीचं पान होतं. त्याने जसंच्या तसं उतरवलं, माझ्या चुकीसकट."

"मग सिद्ध झालं!"

"काय सिद्ध झालं? उद्या म्हणतील, म्हातारीने भाचीसाठी रचलं. कार्ड नऊ महिन्यांपूर्वीचं आहे, पण पान त्याहून जुनं आहे असंच ते म्हणतायत ना? तेच पाहून तुम्ही कार्ड लिहिलंत, म्हणतील."

भाचीचा चेहरा उतरला. मी कड्या उघडल्या, पान हातात घेतलं. एकतीस वर्षं कागद हाताळलेल्या बाईला एक सवय असते, पान उजेडात धरायचं आणि उलटून बघायचं. मी उलटलं.

पाठीमागे एकेचाळिसावं पान होतं. त्यावर पंपाच्या दर्शनी भागाचं चित्र.

"अगं," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला परका वाटला, "तुमच्या पंपाला हे पिवळं बटण कधी बसवलं?"

६

चौकशीची खोली इस्पितळाच्या तळमजल्यावर होती. लांब टेबल, पाण्याचे पेले. अध्यक्षा म्हणजे इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई, कमी बोलणाऱ्या. एका बाजूला धाकटा आणि कंपनीचे वकील. मी किल्लीवालीला आणि चित्रकारालाही बोलावून घेतलं होतं. बारा वाजायला वीस मिनिटं होती.

"सही करणार नाही," भाची उभ्यानेच म्हणाली.

"कारण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कारण मावशी सांगेल. ती माझ्यापेक्षा हळू चिडते."

मी फाईल पुढे ठेवली. "बाई, या पानाखाली दोन वर्षांपूर्वीची तारीख आहे. पान उलटा. पिवळं बटण दिसतं?"

"दिसतं."

"ते पंपाला सहा महिन्यांपूर्वी बसवलं, तुमच्याच इस्पितळाच्या नोंदवहीत आहे. दोन वर्षांपूर्वीच्या चित्रकाराला पुढचं दिसत होतं काय?"

चित्रकार खुर्चीतून पुढे झुकला. "माझं चित्र!" तो म्हणाला. "हे तर आठव्या आवृत्तीचं. हे इथे आलं कसं?"

"तेच सांगते. कागदाला दोन बाजू असतात. बेचाळिसावं पान नवं करायचं तर त्याच्या पाठीवर एकेचाळिसावंही छापावं लागतं. छापणाऱ्याने कॉम्प्युटरमधलं उचललं आणि छापलं. त्यात चित्र नवं होतं. म्हणजे हा कागद फार तर सहा महिन्यांचा. भाचीने चौदा महिन्यांपूर्वी वाचला तो हा नव्हे."

वकील खाकरले. "असेल. कुणी बदलला, हा प्रश्न उरतोच. फायली यांच्या टेबलावर होत्या." त्यांनी चित्रकाराकडे बोट केलं.

"यांनी? यांनी त्या बटणावर आठ दिवस घालवलेत. स्वतःच्या हातचं नवं चित्र जुन्या तारखेच्या कागदावर यांना दिसलं नसतं होय? आईला आपलं पोर ओळखू येत नाही का?"

चित्रकाराने खिशातून रुमाल काढला आणि उगाच नाक पुसलं.

मग मी किल्लीवालीला खूण केली. तिने पेन्शनरांची फाईल उघडून कार्ड डॉक्टरीणबाईंपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. गुडघा आला, तेल आलं, जिन्याची निंदा आली. भाची खाली बघून हसू दाबत होती. शेवटी आलं: "'काल पाठवलेल्या बेचाळिसाव्या पानात सहाव्या ओळीतला एक क्ष बदलायचा राहिला. चूक माझी. तोही हाती_मात्रा करावा.'"

"टपालाचा शिक्का बघा," मी म्हणाले. "खाली आवकचा शिक्का. अपघाताच्या आठ महिने आधीचा. आता नव्या पानाची सहावी ओळ बघा."

डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवलं. "क्ष."

"माझी चूक, जशीच्या तशी. म्हणजे पान करणाऱ्यापुढे माझा लिफाफा होता, पण कार्ड त्याने पाहिलं नव्हतं. किल्लीवालीने ते वाचलं होतं, तिने हा क्ष राहू दिला नसता. तेव्हा लिफाफा उचलू शकणारा, कार्ड न पाहिलेला, आणि चित्राकडे कधी न बघणारा माणूस हवा." मी त्याच्याकडे वळले. "धाकट्या, मला कानाची पाळी ओढून दाखवू नकोस. तू खोटं बोलताना ती ओढतोस, हे मला पस्तीस वर्षं माहीत आहे."

वकील म्हणाले, "हा निव्वळ तर्क आहे. ते मूळ पान कुठे आहे? दाखवा."

ते माझ्याकडे नव्हतं.  बाराला पाच मिनिटं कमी होती.

"मी शिकवलेला माणूस दुरुस्तीचं पान टाकत नाही," मी म्हणाले. "नवी छपाई तपासून होईपर्यंत नाही. आणि तू ही छपाई तपासलेली नाहीस, धाकट्या. तपासली असतीस तर ते बटण दिसलं असतं."

 मग त्याने पायाशी ठेवलेली बॅग मांडीवर घेतली. वकिलांनी त्याचं मनगट धरलं, ते त्याने सोडवलं. एका पारदर्शक पिशवीत माझं पान होतं, हिरव्या खुणांसकट.

"फाडायला घेतलं होतं, ताई," तो म्हणाला. "दोनदा. हात चालला नाही."

"नऊ महिने का दाबून ठेवलंस?"

"ते क्ष मीच घातले होते. शास्त्रशुद्ध दिसतात म्हणून. पानं परत मागवली असती तर सगळ्या इस्पितळांना कळलं असतं की साहेबांनी बावळटपणा केला. म्हटलं, आठव्या आवृत्तीत गुपचूप बदलू. मग शिंप्याचं कळलं, आणि मी घाबरलो."

"आणि माझी भाची?"

त्याने ती पिशवी डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली.

७

डॉक्टरीणबाईंनी तो सहीचा कागद उचलला. "मग हा रद्द करायचा ना?"

"रद्द कशाला?" मी म्हणाले. "यात 'चूक' हा एकच शब्द आहे आणि चुका तीन आहेत. ज्याची त्याला नाव लावून द्या, म्हणजे कागद बरोबर होईल."

मी कागद उलटा केला. पहिल्यांदा मीच लिहिलं: सहाव्या ओळीतला क्ष माझ्याकडून राहिला, आणि पत्र टाकून मी गप्प बसले. सही केली. भाचीने पेन घेतलं. ती लिहीत होती तेव्हा तिचा हात स्थिर होता: 'क्ष = क्ष' ही ओळ मला कळली नव्हती, तरी मी कुणाला विचारलं नाही. सही. मग तिने कागद टेबलावरून धाकट्याकडे सरकवला.

त्याला सर्वांत जास्त वेळ लागला. पण त्याने पूर्ण वाक्यं लिहिली, कर्त्यासकट. शिकवलं होतं मी.

साडेबाराला डॉक्टरीणबाईंनी सहाही इस्पितळांना स्वतः फोन केले. पंप थांबवले गेले. सहापैकी चार ठिकाणी कुंपण भाचीसारखंच सहाव्या ओळीच्या आधी घातलेलं निघालं. संध्याकाळपर्यंत त्या चारही ठिकाणी ते एक ओळ वर सरकलं. भाची एकेका ठिकाणी जाऊन ते बघून आली. कुणी तिला यंत्राला हात लावू नका असं म्हटलं नाही.

शिंप्याला तिने सगळं खरं सांगितलं, स्वतःच्या वाट्याचं आधी. तो म्हणाला, "ताई, परवा कापड बेतलं. वाकडं गेलं. पण बेतलं."

धाकटा आता त्या खोलीत बसत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं म्हणून मी काही कमी केलं असतं असंही नाही.

महिन्याने कंपनीचं पत्र आलं. आठव्या आवृत्तीची प्रत सोबत होती. बेचाळिसावं पान पाटी आणि हाती घेऊन आलं होतं, सहाव्या ओळीसकट. पत्रात खाली लिहिलं होतं की निवृत्त कर्मचाऱ्यांनी यापुढे पुस्तकाबाबत परस्पर सूचना पाठवू नयेत, त्यासाठीचा नमुना विभागात मिळेल.

मी चप्पल घातली, टपाल कचेरीत गेले आणि पंचवीस कार्डं विकत आणली. पहिलं त्याच दुपारी लिहिलं. पान अठ्ठावन्न, ओळ दुसरी, तिथे दोन वेगळ्या वस्तूंना 'य' म्हटलंय. गुडघ्याबद्दल या वेळी एक अक्षर लिहिलं नाही.